गाडी कुणाची असेल

रविवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आजींकडून गवार, टोमॅटो, मेथीची जुडी अशी १४० रुपयांची भाजी घेतली आणि दोनशेची नोट दिली. आभाळ भरून आलं होतं. आजींना ताडपत्री ओढायची घाई, मला घर गाठायची. त्यांनी उरलेले पैसे हातात कोंबले, मी न बघता पर्समध्ये टाकले. मागे चिऊ बसली होती, माझी भाची, नऊ वर्षांची, गणपतीच्या सुट्टीला नाशिकहून आलेली. पुढे पेट्रोल भरायचं म्हणून सिग्नलला थांबल्यावर पर्स उघडली, तर दहाच्या नोटेबरोबर पन्नासऐवजी शंभराची नोट. शंभराची जांभळट, पन्नासची निळसर, तिन्हीसांजेच्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. "अगं, आजींनी पन्नास जास्त दिले की," मी मोठ्यानेच म्हणाले. टपोरे थेंब पडायला लागले होते, मागचे हॉर्न वाजवत होते. "जाऊ दे, उद्या देऊ." मागून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग चिऊ म्हणाली, "आणि उद्या आजी आलीच नाही तर?"

सिग्नल सुटला. आरशात तिचा चेहरा दिसत होता. ती रागावली नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

रात्री सगळं आवरल्यावरही ती नजर जाईना. आणि मग लक्षात आलं की अशा नजरेखाली मी आधी एकदा बरेच दिवस काढले आहेत. २०१३ च्या पावसाळ्यात, वाकडच्या तीन मुलींच्या खोलीत, मांडीवर तापलेला लॅपटॉप घेऊन. टेलटेल नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने 'द वॉकिंग डेड' हा गेम २०१२ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पाच भागांत काढला होता, एक भाग झाला की काही आठवड्यांनी पुढचा. माझ्या हातात आला तोवर पाचही भाग तयार होते. झॉम्बीचे गेम म्हणजे बंदुकी आणि रक्त एवढीच माझी समजूत होती. इथेही रक्त होतं, भरपूर होतं. पण गेम सुरू व्हायचा तो पोलिसांच्या गाडीच्या मागच्या सीटवर. हातात बेड्या घातलेला ली एव्हरेट, इतिहासाचा प्राध्यापक, बायकोच्या प्रियकराचा खून केल्याबद्दल तुरुंगात चाललेला. गाडीला अपघात होतो, तो लंगडत एका घरात शिरतो, आणि त्या रिकाम्या घरात फोनच्या मशीनवर तीन निरोप साठलेले असतात. मुलीच्या आईचे. पहिल्यात आवाज साधा, दुसऱ्यात घाबरलेला, तिसऱ्यात ती मुलीलाच सांगते की पोलिसांना फोन कर, आमचं तुझ्यावर प्रेम आहे. मुलगी मागच्या अंगणात झाडावरच्या लाकडी घरात लपलेली असते, हातात वॉकीटॉकी, डोक्यावर टोपी. आठ वर्षांची क्लेमेंटाइन. तिथून पुढे ली तिला सांभाळतो, म्हणजे मी सांभाळते.

त्या तीन निरोपांइतकं भीतीदायक काही मला पुढे पाचही भागांत सापडलं नाही.

हा गेम ज्यांनी खेळला आहे त्यांना ती खूण माहीत आहे. कुणी काही विचारतं, समोर चार उत्तरं येतात आणि खाली वेळेची पट्टी झरझर आटत जाते. काहीच निवडलं नाही तर गप्प राहणं हेही उत्तर धरलं जातं. आणि तुम्ही काही बोललात की वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटतात, केनी हे लक्षात ठेवेल, लिली हे लक्षात ठेवेल. क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. पहिली दोन मला फारशी लागायची नाहीत, आमच्या टोळीतली मोठी माणसं काय, रुसतील आणि विसरतील. तिसरं उमटलं की पोटात खड्डा पडायचा. एखादं खोटं तिच्यादेखत बोलून गेलं, एखाद्या माणसाला मागे टाकून आम्ही पळालो, की ते अक्षर. चांगलं म्हणून लक्षात ठेवेल की वाईट म्हणून, ते गेम सांगत नाही. गुण देत नाही, लाल-हिरवा दिवा लावत नाही. गेमने फक्त एवढं कळवलं की शेजारी एक मूल उभं आहे आणि ते बघतंय. या गेमची खरी ताकद मला आजही या एका ओळीतच दिसते.

माझी एक रूममेट लातूरची होती. तिला गेममध्ये काडीचा रस नव्हता, पण भाकरी खाता खाता माझ्या खांद्यावरून बघायची आणि पट्टी आटायला लागली की ओरडायची. दुसऱ्या भागात मोटेलच्या आवारात अन्न वाटायचं काम लीकडे येतं. वस्तू चार, अर्धं सफरचंद धरून, आणि तोंडं त्याच्या दुपटीहून जास्त. "पोरांना दे आधी!" तिने फर्मान सोडलं. पोरांना दिलं. मग म्हातारा लॅरी, सारखा शिव्या घालणारा, त्याला द्यायचं की कुऱ्हाड चालवून चालवून दमलेल्या मार्कला? मला आमच्या आजीची आठवण झाली. मे महिन्यात सात नातवंडं आणि पेटीच्या तळाशी उरलेला शेवटचा हापूस. ती विळीवर तो असा कापायची की दोन्ही बाजूंच्या फोडींचे तुकडे सगळ्यांना पुरायचे आणि बाठा एकाच्या हातावर. बाठा कुणाला, यावरून झालेली भांडणं आम्ही सातही जण अजून उगाळतो. आंबा कसा लागला ते कुणाला आठवत नाही. कुणाला दिला, आणि देताना आजी कुणाकडे बघत होती, ते सगळ्यांना आठवतं. मोटेलच्या त्या अंगणात मी सगळं वाटून टाकलं आणि लीला काहीच उरलं नाही, तेव्हा रूममेट म्हणाली, "आईसारखं झालं बघ," आणि तिच्या ताटातला भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

पण आता जे खटकलं तेही सांगायला हवं, कारण या गेमवर प्रेम करणारे लोक ते सांगायला काचकूच करतात. गेम सुरू करतानाच तो बजावतो की ही गोष्ट तुमच्या निर्णयांप्रमाणे घडत जाते. घडत नाही. पहिल्याच भागात शेतावर दोघं एकदम संकटात सापडतात, लहानगा डक आणि शेतकऱ्याचा मुलगा शॉन. तुम्ही शॉनकडे धावलात तरी शॉन मरतो. औषधांच्या दुकानात कार्ली किंवा डग, दोघांतलं एकच वाचवता येतं. मी कार्लीला वाचवलं, नंतर ती आवडायला लागली, आणि तिसऱ्या भागात रस्त्याच्या कडेला लिलीने तिला एका गोळीत संपवलं. डगला वाचवलं असतं तर त्या गोळीने डग गेला असता. मांसाच्या गोदामात लॅरीचं हृदय बंद पडतं, छाती दाबून त्याला परत आणायचं की तो झॉम्बी होऊन उठण्याआधी त्याचं डोकं चिरडायला निघालेल्या केनीच्या बाजूने उभं राहायचं, या निवडीने माझे हात कापत होते. दोन्ही वाटांनी केनी शेवटी तेच करतो. हे का, ते कळायला फार डोकं लागत नाही. दोन-दोन वाटांचे नुसते दहा प्रसंग सुटे सोडले तरी १०२४ वेगळ्या गोष्टी लिहाव्या लागतील, एवढं बळ कुणाकडे असतं? म्हणून फांदी फुटते, चार पावलं बाहेर जाते आणि पुन्हा खोडाला बांधून घेतली जाते. कारण समजलं तरी फसवलं गेल्याची भावना जात नाही. मी दुसऱ्यांदा खेळायला बसले, मुद्दाम सगळं उलट करायचं ठरवून, आणि तिसऱ्या भागापर्यंत येता येता माझा उत्साह मावळला. एकदाच वाचावं असं पत्र मी दोनदा वाचायला घेतलं होतं.

शिवाय मधली ती कोडी. पहिल्या भागात रेडिओ चालत नाही, आणि तो चालत नाही कारण त्यात बॅटऱ्या नाहीत, आणि हे ज्या बाईला उमगत नाही ती बातमीदार आहे. तिसऱ्या भागात तर माझा संयम सुटला. रुळांवर उभी असलेली आगगाडी सुरू करायची असते. त्यासाठी कोऱ्या वहीवर उमटलेले ठसे दिसावेत म्हणून पेन्सिल शोधा, मग हे अवजार आणा, ते कापा. तिकडे डकला झॉम्बीचा चावा बसलेला आहे, पोर तापाने काळंनिळं पडत चाललंय, आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे, आणि मी इंजिनाच्या डब्यात खणाखणांत हात घालत फिरतेय. लिहिणाऱ्यांना माझ्याकडून धीर धरून बसणं हवं असेल, एरवी त्यांना ते जमतंही. इथे मात्र त्यांना माणसांचा विसर पडला आणि आपण गेम बनवतोय एवढंच आठवलं. मारामारीच्या प्रसंगांत बटणं दाबणं अवघड होतं, चित्र अडखळायचं, पण ते मी कधीच माफ केलं. डकच्या बाबतीतलं नाही.

आणि तरीही त्याच भागात, त्याच आगगाडीत, ली क्लेमेंटाइनचे केस कापतो. सुरुवातीला चक नावाचा एक म्हातारा भटक्या त्याला सुनावतो की पोरीला असंच नेलंस तर ती वाचायची नाही, काहीतरी शिकव तिला. लांब केस कुणाच्याही हातात सापडतील म्हणून ते कापायचे. बंदूक धरायला शिकवायची. डबा हलतोय, बाहेर जॉर्जियाची झाडी मागे पडतेय, ती पाठ करून बसली आहे आणि कात्री चालते आहे. कुणी मरत नाही, कुणी धावत येत नाही. मी चिऊला रविवारी सकाळी न्हाऊ घातलं, गुंता सोडवताना ती अशीच पाठ करून बसली होती, मान ताठ, दुखलं तरी हूं का चूं नाही. मूल आपल्याकडे पाठ करून बसतं तेव्हा केवढा विश्वास टाकतं, हे मला त्या गेमने दाखवलं. एवढ्या बिनमारामारीच्या पाच मिनिटांसाठी मी त्याच्या सगळ्या पेन्सिली आणि बॅटऱ्या पोटात घालायला तयार आहे.

आता त्या गाडीकडे येते.

दुसऱ्या भागाच्या शेवटी सगळे डेअरीवरून परततात. उपाशी, भिजलेले, नको ते बघून आलेले. त्या डेअरीवर त्यांना माणसाचं मांस वाढलं गेलं होतं. रात्रीच्या जंगलात एक गाडी उभी दिसते. दार उघडं, टिंग टिंग आवाज येतोय, दिवे चालू, मागे अन्नाचे खोके खच्चून भरलेले. सगळे धावतात. क्लेमेंटाइन मात्र जागच्या जागी थांबते आणि विचारते की ही कुणाची असली तर? पट्टी आटायला लागली. माझी लातूरची रूममेट भाकरी हातात तशीच धरून म्हणाली, "दिवा चालू आहे म्हणजे माणूस जवळच असणार." तिचं बरोबर आहे हे मला कळत होतं. पण आम्ही तीन भागांचं दुःख दोन भागांत भोगलं होतं आणि पोरं उपाशी होती. मी घेतलं. त्यात एक उबदार हूडी निघाला, तो क्लेमेंटाइनला मिळाला. पुढच्या भागभर ती तो घालून फिरत होती आणि मला तिच्याकडे बघितलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून वाईटही वाटायचं.

पाचव्या भागात, सव्हानातल्या एका हॉटेलच्या खोलीत, गाडीचा मालक भेटतो. वॉकीटॉकीवरून गोड बोलून त्यानेच क्लेमेंटाइनला पळवलेलं असतं. लीला समोर बसवून तो एकेक निर्णयाचा जाब विचारतो. तेव्हा असं का केलंस, तेव्हा तिला तिथे का नेलंस. तिसऱ्या पावसाळी रात्री दीड वाजता मी त्या खुर्चीत बसले होते आणि माझ्याकडे एकाही प्रश्नाला धड उत्तर नव्हतं. इतका वेळ जे कोपऱ्यात उमटत होतं, ते आता माणूस होऊन समोर बसलं होतं. गेम तिथेच थांबला असता तर मी त्याला दंडवत घातला असता. पण मग कळतं की त्या माणसाचं डोकं फिरलं आहे. त्याच्या पिशवीत त्याच्या बायकोचं शीर आहे, जिवंत मढ्यासारखं, आणि तो त्याच्याशी बोलतो. झालं! त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरायला नको होतं. वेडा म्हटल्यावर त्याच्याशी झटापट करता येते, त्याचा गळा आवळता येतो. तो शहाणा असता, साधा, आपल्यासारखा, चार खोके गेल्यामुळे ज्याची माणसं गेली असा कुणी, तर मी त्याला काय सांगणार होते? सगळ्या गेममधली मला सर्वांत मोठी वाटणारी चूक हीच. निवडी खोट्या आहेत हे लोकांनी फार उगाळलं. माझा राग याच्यावर आहे की मुलीने विचारलेल्या एवढ्या साध्या प्रश्नाला त्यांनी खलनायकाचा मुखवटा चढवला आणि मला सुटू दिलं. दुसऱ्यांदा खेळताना मी गाडीला हात लावला नाही. बाकीच्यांनी माल घेतलाच. तो माणूस हॉटेलच्या त्याच खोलीत आलाच. पण क्लेमेंटाइनच्या अंगावर हूडी नव्हता, आणि मी त्या भागभर तिला थंडी वाजत असेल का याचाच विचार करत होते.

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. लीला चावा बसलेला असतो. हात तोडा नाहीतर ठेवा, त्याने काही वाचत नाही, आणि एका बंद दुकानात तो भिंतीला टेकून मुलीला सांगतो की इथून कसं निघायचं. गोळी घालायला सांगायचं की तसंच सोडून जायला, ही शेवटची निवड. डेव्ह फेनॉय आणि मेलिसा हचिसन या दोघांनी त्या दोन आवाजांत जे ओतलं आहे ते मी पुन्हा ऐकलेलं नाही. मला ऐकवत नाही. केस छोटे ठेव, असं तो तिला सांगतो. मी तिला जा म्हटलं. रूममेट तोंडावर ओढणी घेऊन भिंतीकडे वळली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी गेम टक्केवारी दाखवतो, किती जणांनी काय निवडलं त्याची. ती आम्ही दोघींनी त्या रात्री बघितली नाही, लॅपटॉप तसाच मिटला.

या गेमला २०१३ चा कथेसाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला होता, पुढे आणखी तीन सीझन आले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा सीझन अर्ध्यावर असताना टेलटेलने अडीचशेच्या आसपास माणसांना एकदम घरी पाठवलं, आणि मूळ कॉमिकच्या लेखकाच्या स्कायबाउंड या कंपनीने त्यांतल्याच काहींना हाताशी धरून मार्च २०१९ मध्ये तो पुरा केला. मी तो नोकरी बदलल्यावर, एकटीच्या घरात खेळले. क्लेमेंटाइन आता मोठी मुलगी झाली आहे, एजे नावाच्या लहान पोराला ती सांभाळते. एका रात्री ती स्वप्नात लीशी बोलते, त्याच आगगाडीच्या डब्यात. आणि कोपऱ्यात अक्षरं उमटतात, एजे हे लक्षात ठेवेल. लातूरच्या मैत्रिणीला मी त्याचा फोटो पाठवला. ती आता दोन मुलांची आई आहे. तिने उत्तरात फक्त भाकरीचा फोटो पाठवला.

सोमवारी मी ऑफिसातून येताना पन्नासची नोट वेगळी काढून ठेवली होती. कोपऱ्यावर आजी नव्हत्या. ताडपत्रीची घडी, तिच्यावर दोन विटा. मंगळवारीही तेच. चिऊला मंगळवारी दुपारच्या गाडीला बसवलं, जाईपर्यंत तिने विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. बुधवारी तिथे एक बाई बसली होती, तिशीतली, आजींची सून. मी पैसे दिले, कशाचे ते सांगितलं. तिने नोट कपाळाला लावून गोणपाटाखाली सरकवली आणि पुढच्या गिऱ्हाईकाला कोथिंबीर बांधून द्यायला लागली. मला खूप हलकं वाटलं. घरी येऊन चपला काढायच्या आधी नाशिकला फोन लावला.

"मावशी, दिलेस?" तिने हॅलोच्या आधी विचारलं.

"दिले गं. आजी नव्हत्या, त्यांच्या सुनेकडे दिले."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

"मग आजी कुठे आहे?"

ते मी विचारलंच नव्हतं.